डी ड्राइव्हला हात न लावता

आपल्याकडे सर्वांत मौल्यवान असे काय आहे, हे ती वस्तू धोक्यात येईपर्यंत संस्थेला कळू नये, अशी व्यवस्था निसर्गानेच करून ठेवलेली आहे. ही व्यवस्था मोठी शहाणपणाची आहे. आधी कळले तर संस्था त्या वस्तूच्या रक्षणासाठी समिती नेमेल, आणि मग ती वस्तू लवकर धोक्यात येईल.

थोरले आगर हे आमचे गाव किहीमपासून रिक्षाने वीस मिनिटांवर. गावात सार्वजनिक वाचनालय आहे आणि मी त्याचा मानद चिटणीस. माझे नाव रावजी. सरकारी कचेरीत एकतीस वर्षे आवक-जावक सांभाळून निवृत्त झालो, त्यामुळे आलेला कागद जाईपर्यंत न वाचण्याची सवय आहे. वाचनालयात साडेसहा हजार पुस्तके, दोन पंखे, एक इन्व्हर्टर (अध्यक्षांच्या डोक्यावरच्या पंख्यापुरता) आणि एक संगणक आहे. संगणकाच्या खाली यूपीएस नावाची पेटी आहे. तिची बॅटरी २०१९ साली गेली. तेव्हापासून तिचा उपयोग पाय ठेवण्यासाठी होतो आणि त्याबाबत एकही तक्रार नाही.

या संगणकावर काम करणारी व्यक्ती एकच, अनुसूया राऊत. पद ग्रंथपाल-नि-लिपिक-नि-शिपाई, वय सेहेचाळीस, घरी वडिलोपार्जित नारळ-सुपारीची वाडी. गेली सहा वर्षे ती सुट्टीच्या दिवशी आसपासच्या आगरी पाड्यांवर जाऊन म्हाताऱ्या धवलारणींची गाणी फोनवर ध्वनिमुद्रित करत होती. आगरी लग्नात विधी पार पडतात ते धवलारणीने गायलेल्या धवल्यांवर. निदान डीजे येईपर्यंत तसे होते. अशी दोनशे बारा गाणी तिने जमवली. फोन भरला की गाणी संगणकाच्या डी ड्राइव्हवर ठेवायची आणि फोन रिकामा करायचा, अशी तिची पद्धत. दोनशे बारांपैकी एकशे एकतीस गाणी एकट्या भागुबाईंची. बाकी गाणाऱ्या चौघींपैकी तिघी आता नाहीत. भागुबाई आहेत, पण त्यांना श्वास पुरत नाही. जिना चढल्यावर बोलायलाही दम घ्यावा लागतो, गाणे दूरच.

या कार्याची वाचनालयाच्या वार्षिक अहवालात नोंद आहे. पृष्ठ अकरा, 'इतर' या शीर्षकाखाली.

मार्च महिन्याच्या तीन तारखेला संगणक सुरू होईना. पडदा निळा होई, त्यावर एक उदास चेहरा उमटे आणि संगणक आपला आपण बंद होऊन पुन्हा चालू होई. दोन तासांत एकोणीस वेळा. एकविसाव्या शतकात यंत्रेही दिलगिरी व्यक्त करतात, हे पाहून आमच्या अध्यक्षांना बरे वाटले. अध्यक्ष म्हणजे दादा वर्तक. निवृत्त मुख्याध्यापक. गावातला अर्धा मतदार त्यांच्या हातचा मार खाल्लेला, त्यामुळे निवडणूक नेहमी बिनविरोध होते.

अनुसूयाने चोंढी नाक्यावरच्या प्राप्ती घरतला बोलावले. प्राप्ती आधी उरणला कंटेनरच्या एका यार्डात संगणक विभागात होती. आता नाक्यावर तिचे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान आहे. तिने दहा मिनिटांत निदान केले.

"विंडोज गेलंय, ताई. नवीन टाकायला लागेल. तास-दीड तासाचं काम आहे."

"आणि माझी गाणी?"

"ती डीवर आहेत ना? विंडोज असतं सीवर. आपण फक्त सी उडवायचा, डीला हात लावायचा नाही. पण आधी डीची कॉपी काढून घेऊ. डिस्क तशी म्हातारी झालीय."

हे संभाषण कार्यालयीन वेळेत, पण कार्यकारिणीच्या परवानगीशिवाय झाले. सबब ते झाले नाही असे धरून दादांनी तातडीची बैठक बोलावली, आणि 'संगणक पुनर्स्थापना उपसमिती' स्थापन झाली. दादा आणि मी धरून सदस्य नऊ. पैकी स्वतःचा संगणक असलेले शून्य, नातवाचा संगणक असलेले तीन, संगणकावर राग असलेले पाच. उरलेले एक म्हणजे डॉक्टर सुश्रुत पाठारे. ते होमिओपॅथ असल्याने थोड्याशाने पुष्कळ होते यावर त्यांचा विश्वास आहे. अनुसूयाला उपसमितीत घेतले नाही. ती नोकर आहे, शिवाय तिचा या विषयात हितसंबंध आहे. ज्याला काही गमवायचे आहे तो निष्पक्ष राहू शकत नाही, हे तत्त्व सर्वमान्य आहे.

उपसमितीपुढे प्राप्तीची साक्ष झाली. तिने फार सोपे करून सांगितले.

"असं समजा काका, एकच घर आहे. सी म्हणजे स्वयंपाकघर, डी म्हणजे माजघर. आपण स्वयंपाकघराची लादी बदलतोय. माजघरातलं सामान जिथल्या तिथं राहतं."

यावर पंचवीस मिनिटे चर्चा झाली. एका सदस्याने विचारले की माजघरातून स्वयंपाकघरात जायला दार आहे का. दुसऱ्याने स्वतःच्या घराची लादी बदलताना गवंड्याने काय केले ते सांगितले. (ते खरोखर वाईट होते.) शेवटी दादा म्हणाले, "डीला हात लावायचाच नाही, तर कॉपी कशाला?"

"चुकून लागला तर, दादा."

"चुकून कोण लावणार?"

प्राप्तीने समोर बसलेल्या नऊ जणांकडे पाहिले आणि नजर पंख्याकडे वळवली. सुसंस्कृत मुलगी आहे.

त्या दिवशीचा ठराव क्रमांक चार मी स्वतः लिहिला, तो असा: 'डी ड्राइव्हला कोणत्याही परिस्थितीत हात लावण्यात येणार नसल्याने त्याची प्रत काढणे म्हणजे उपसमितीच्या सावधगिरीवर अविश्वास दाखवणे होईल. सबब प्रत काढू नये.' ठराव क्रमांक पाच: 'काम जबाबदारीचे असल्याने ते बाहेरील व्यक्तीने न करता अध्यक्षांच्या हस्ते व्हावे. तांत्रिक व्यक्तीने शेजारी उभे राहावे.' दोन्ही एकमताने.

अनुसूयाने दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. स्वतःच्या डिस्कवर, स्वतःच्या वेळात, गाण्यांची प्रत काढून घेण्याची परवानगी मिळावी. अर्ज नियमानुसार उपसमितीकडे पाठवला. उपसमितीची पुढची बैठक पुनर्स्थापनेच्या दिवशीच होती, त्यामुळे तो त्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. विषय क्रमांक सात. पुनर्स्थापना हा विषय क्रमांक तीन होता.

तिने कार्यक्रमपत्रिका वाचली. माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"रावजीकाका, सातवा आहे."

"हो."

"तिसऱ्यात काही झालं, तर सातव्यात काय राहील?"

मी म्हणालो, क्रम बदलायचा तर बैठकीच्या तीन दिवस आधी लेखी द्यावे लागते. बैठक परवा होती. ती काही बोलली नाही. आमच्याकडे माणूस काही बोलला नाही की त्याची संमती धरतात.

मंगळवारी वाचनालयाला सुट्टी. जेवण करून मी जरा आडवा होतो, तो दीडच्या सुमाराला अनुसूया दारात. तिने वाचनालयाची चावी मागितली. अंगणाबाहेर प्राप्तीची स्कूटर उभी होती. चावीच्या वहीत कारण लिहावे लागते. मी लिहिले, 'धूळ झटकणे'. नियमाबाहेर काही घडू नये याची मी आयुष्यभर काळजी घेतली आहे. नियमात बसेल असे कारण सुचणे हा त्या काळजीचाच भाग होय.

त्यानंतर जे झाले ते मला नंतर कळले. प्राप्तीने संगणक त्याच्या स्वतःच्या विंडोजवर न उठवता आपल्या पेनड्राइव्हवरच्या दुसऱ्या प्रणालीवर उठवला. डी ड्राइव्ह दिसला, गाणी दिसली, अनुसूयाची डिस्क जोडली, एकेक गाणे पलीकडे जाऊ लागले. डिस्क म्हातारी, चाल धिमी. दोघी पाहत बसल्या. मध्ये अनुसूयाने खरोखरच धूळ झटकली. तिला खोटे कारण सहन होत नाही.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी गावाची वीज गेली.

पाय ठेवण्याच्या पेटीने आपले काम केले नाही, कारण तिचे काम आता पाय ठेवू देणे हे होते. दोघी साडेसहापर्यंत थांबल्या. वीज आली नाही. अनुसूया चावी परत द्यायला आली तेव्हा पदराने हात पुसत होती. हात कोरडेच होते.

"दोनशे तीन झाली, काका. नऊ राहिली. भागुबाईंची हळदीची नऊ. सगळ्यात शेवटी ठेवलेली ती."

"उद्या सकाळी वीज आली की घे."

"सकाळी बैठक आहे."

"बैठक साडेनऊला आहे."

वीज सकाळी नऊला आली. अनुसूया आठपासून दारात उभी होती, पण दादा साडेसातलाच आले होते. संगणकाला झेंडूचा हार घातलेला, पडद्याला कुंकू लावलेले, समोर नारळ. मुहूर्त दहा बेचाळीसचा. बैठकीपूर्वी यंत्राला कोणी शिवू नये, असे दादांनी सांगितले. पाच मिनिटे मागितली तिने. दादा म्हणाले, "अगं, सहा वर्षं तूच शिवत्येस ना त्याला? आज राहू दे."

विषय क्रमांक तीन सुरू झाला. प्राप्तीने पेनड्राइव्ह लावला, पडद्यावर प्रश्न आले, दादांनी तिच्या सांगण्यावरून उत्तरे दिली. आणि मग एक यादी आली. पार्टिशन एक, दोन, तीन, चार. प्रत्येकापुढे आकडे.

"सी कुठाय?" दादांनी विचारले.

"इथे अक्षरं दिसत नाहीत, काका. हा तीन नंबरचा सी. चार नंबरचा मोठा दिसतोय ना, तो डी."

पुनर्स्थापनेच्या मूळ ठरावात 'सी' लिहिले होते. यादीत सी नव्हता. जे यादीत नाही त्यावर कारवाई कशी करणार, असा घटनात्मक पेच उभा राहिला. डॉक्टर सुश्रुतांनी मत मांडले की सी हे तिसरे अक्षर, म्हणून तो तिसऱ्या क्रमांकाचा असावा. (हे बरोबर होते. त्यांच्या कारणामुळे ते चूक वाटले.) दादांनी खंडन केले. विंडोज हा संगणकाचा मुख्य भाग. मुख्य भागाला मोठी जागा देतात. शाळेतही मुख्याध्यापकांची खोली मोठी असते. सबब सर्वांत मोठा तोच सी.

"नाही हो काका," प्राप्ती म्हणाली, "मोठाच डी आहे. आकडा बघा, तीनशे चाळीस. काल—" आणि ती थांबली. काल ती तिथे नव्हती.

दादा म्हणाले, "तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. आपण मत घेऊ."

मत घेतले. चार नंबर म्हणजेच सी, असे सहा जणांचे म्हणणे पडले. तीन जणांचे विरुद्ध. सहांमध्ये मी होतो. गाण्यांची प्रत बव्हंशी निघाली आहे हे मला माहीत होते म्हणून मी हात वर केला, की शेजारच्या दोघांनी वर केला म्हणून, हे सांगता येत नाही. इतिवृत्तात कारण लिहिण्याची पद्धत नाही. अनुसूया आणि प्राप्ती यांना मताधिकार नव्हता. त्यांचे म्हणणे ऐकून घेतल्याची नोंद मात्र आहे.

"मी नाही दाबणार," प्राप्ती म्हणाली.

"तुला कोण सांगतंय? ठराव पाच," दादा म्हणाले, आणि त्यांनी चार नंबरवर जाऊन फॉरमॅट दाबले.

पडद्यावर इंग्रजीत इशारा आला. डॉक्टर सुश्रुतांनी चष्मा वर करून भाषांतर केले: "यात काही महत्त्वाचं असेल तर ते जाईल, म्हणतोय. महत्त्वाचं डीवर आहे, तेव्हा हरकत नाही."

तेवढ्यात अनुसूया पुढे आली आणि तिने माउस मुठीत धरला. मी तिला सोळा वर्षे ओळखतो. तिने कधी मोठ्याने 'शांतता राखा' असेही म्हटलेले नाही.

"दादा, नऊ राहिलीत! हात जोडते, नऊ राहिलीत."

नऊ म्हणजे काय हे त्या खोलीत तिघांनाच कळले. तिघांपैकी मत एकालाच होते, आणि ते देऊन झाले होते.

"अनुसूया, हात काढ. हे इतिवृत्तात येईल."

तिने हात काढला नाही. माउस तिच्या मुठीतच राहिला. एंटर मात्र कीबोर्डवर असते. दादांनी दहा बेचाळीसला, मुहूर्त साधून, ते दाबले. टाळ्या झाल्या. नारळ बाहेर पायरीवर फोडला, चांगला निघाला.

एका तासात संगणक नवा कोरा सुरू झाला. उदास चेहरा गेला. त्याच्या जागी उजेडाची निळी खिडकी आली आणि सर्वांनी तिचे कौतुक केले. विषय क्रमांक सात, म्हणजे अनुसूयाचा अर्ज, वेळेअभावी पुढे ढकलला.

प्राप्तीने तो संगणक दुकानात नेऊन तीन दिवस झटापट केली. चौथ्या दिवशी ती माझ्याकडे आली. "नवं विंडोज नेमकं त्या नऊवरच बसलंय, काका. बाकी सगळं सापडतंय, जे आपल्याकडे आहेच ते. ती नऊ नाहीत."

अनुसूया भागुबाईंकडे एकटी जाणार होती. मी बरोबर गेलो, का ते माहीत नाही. चिटणीसाच्या कर्तव्यात ते बसत नाही. भागुबाई ओसरीवर वाल सोलत होत्या. अनुसूयाने सगळे सांगितले आणि ती रडू लागली. भागुबाईंनी शेंग खाली ठेवली, दम घेतला.

"गेली त गेली. ररतंस कनाला?" पुन्हा दम. "ती मी तशी पन चुकीचीच बोल्लेली."

ते खरे नव्हते. तिघांनाही ते ठाऊक होते. मग त्यांनी माझ्याकडे बोट करून अनुसूयाला विचारले, "यो कोन?"

"आमचे चिटणीस. रावजीकाका."

"यानं काय केला?"

अनुसूयाने माझ्याकडे पाहिले. मला वाटले आता ती हात वर केल्याचे सांगणार. ती म्हणाली, "यांनी चावी दिली."

मी एकतीस वर्षांच्या नोकरीत बरीच प्रशस्तिपत्रे पाहिली आहेत. इतके जड एकही नव्हते.

पुढचे नऊ दिवस अनुसूया संध्याकाळी पाड्यावर जाई. भागुबाई रोज एक गाणे सांगत. गात नसत, एकेक ओळ बोलत, मध्ये थांबत. अनुसूया वहीत लिहून घेई आणि मागून संगणकावर टंकलिखित करी. ती नऊ पाने आता वाचनालयात उपलब्ध आहेत. प्रत्येक पानावर मी नियमानुसार शेरा मारला आहे: 'चाल उपलब्ध नाही.'

एप्रिलच्या बैठकीत उपसमितीचा अहवाल सादर झाला. पुनर्स्थापना यशस्वी, दोनशे बारांपैकी दोनशे तीन गाणी सुरक्षित, यशाचे प्रमाण पंचाण्णव पूर्णांक पंचाहत्तर शतांश टक्के. दहावीच्या निकालाशी तुलना करता हे प्रमाण उत्तम असल्याचे दादांनी निदर्शनास आणले. गाणी सुरक्षित कशी राहिली, असे एका सदस्याने विचारले. तेव्हा उलगडा झाला आणि अनुसूयाला कारणे दाखवा नोटीस द्यावी लागली. संस्थेची माहिती विनापरवाना संस्थेबाहेर नेण्याचा तो प्रकार होता. नोटिशीवर सही माझी.

तिने उत्तर एका ओळीत दिले: 'गाणी संस्थेची नाहीत, ज्यांची आहेत त्यांनी मला ती घरी न्यायला सांगितले होते.' यावर काय करावे हे कोणत्याच नियमात नव्हते. सबब नोटीस दप्तरी दाखल केली, आणि ज्या डिस्कमुळे ती दिली होती ती डिस्क संस्थेच्या संग्रहात सन्मानाने समाविष्ट केली. अभिनंदनाचा ठराव उपसमितीचा झाला.

आता काळजीचे कारण नाही. 'प्रत-व्यवस्थापन उपसमिती' नेमली आहे. दोनशे तीन गाण्यांच्या आज सात प्रती आहेत: वाचनालयात दोन, दादांकडे कपाटात एक, डॉक्टरांकडे एक, प्राप्तीच्या दुकानात एक, माझ्याकडे एक, आणि एक मांडव्याला दादांच्या मेहुण्यांकडे, समुद्राचे पाणी चढणार नाही इतक्या उंचीवर. ऐकण्याचीही सोय केली आहे. हेडफोन आहे, खुर्ची आहे, शेजारी नोंदवही.

नोंदवहीत चार महिन्यांत दोन नोंदी आहेत. एक प्राप्तीची. दुसरी भागुबाईंची, त्या रिक्षा करून आल्या, हेडफोन उलटा लावला, सुलटा करून घेतला आणि एक आख्खे गाणे डोळे मिटून ऐकले. "यी कोन पोरगी गातंय?" त्यांनी विचारले. अनुसूया म्हणाली, "तुम्हीच." त्यांचा विश्वास बसला नाही, पण अभिप्रायाच्या रकान्यात त्यांनी लिहायला सांगितले: 'मदी एक ओल चुकलंय. बाकी पोरगी बरी हाय.'

उपसमितीच्या नऊ सदस्यांपैकी अद्याप कोणी आलेले नाही. माझ्या घरची प्रत कपाटात वरच्या खणात आहे. ती नीट आहे ना हे मी दर रविवारी पाहतो. म्हणजे डबी पाहतो.

वाचकहो, ती नऊ गाणी गेली तेव्हा आपण हळहळलात. (हळहळलात असे मी धरून चालतो.) दादांचा आपल्याला रागही आला असेल, माझाही आला असेल, आणि तो रास्त आहे. उरलेली दोनशे तीन आमच्याकडे आहेत. वेळ सकाळी नऊ ते बारा, दुपारी चार ते सात, मंगळवारी बंद. हे आम्ही सर्वत्र कळवले. त्यावर 'फार मोलाचं काम, लिंक पाठवून ठेवा, सवडीने ऐकतो' असे आजवर एकशे चौदा जणांनी कळवले आहे. सर्वांना लिंक पाठवली. किती जणांनी ती उघडली हे आता संगणक सांगू शकतो, पण तो आकडा तिला दाखवू नये, अशी अनुसूयाने मला विनंती केली आहे.

यादीत पुढचा क्रमांक एकशे पंधरा आहे. तो आपल्या नावे राखून ठेवला आहे.